कोरडं गास्केट

इंजिनाच्या हेड आणि ब्लॉकच्या सांध्यातून तांबूस लेपाची एक बारीक वळी बाहेर डोकावत होती. ती दिसली आणि थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्या सांध्यातून काहीच बाहेर यायला नको होतं. आदल्या दिवशी तिनं स्वतःच्या हातानं तिथं गळती रोखणारं पोलादी गास्केट बसवलं होतं. पातळ पोलादी पत्र्याचे तीन पदर, वर कारखान्यातूनच दिलेला रबराचा हलका थर, आणि बसवणाऱ्याला एकच अट: कोरडं बसवा. ना तेल, ना ग्रीस, ना कसला लेप. लेप लागला की पदर जागेवरून सरकतात, पत्र्यावर उठवलेली कड नीट दबत नाही, आणि इंजिन पूर्ण वेगात आलं की नेमकी तिथूनच सिलिंडरमधली आग इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्यात शिरते, नाहीतर पाणी आगीत. हे तिनं इतक्यांदा सांगितलं होतं की भिंतीवर टांगलेल्या पान्यांनासुद्धा पाठ झालं असेल.

लेप कुणाचा, हे विचारायची गरज नव्हती. बोटींच्या अख्ख्या धक्क्यावर असला तांबूस लेप लावणारा एकच माणूस होता, आणि तो तिचा बाप होता.

बापाला सगळा धक्का उस्ताद म्हणायचा. शर्यतीच्या बोटींची इंजिनं बांधण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही, असं लोक म्हणायचे आणि उस्ताद स्वतः ते लोकांपेक्षा जास्त वेळा म्हणायचे. त्यांची हयात तांब्याच्या गास्केटवर गेली होती. तांब्याचा पत्रा लाल होईपर्यंत तापवायचा, पाण्यात बुडवायचा, मऊ पडला की बसवायचा. तांबं आगीला घट्ट धरतं, पण पाण्याला धरत नाही. म्हणून पाण्याच्या भोकांभोवती लेप लावावाच लागतो. त्यामुळे उस्तादांच्या लेखी कोरडं गास्केट म्हणजे अर्धवट सोडलेलं काम, बटणं न लावता बाहेर पडल्यासारखं.

तांब्याची आणखी एक खोड असते. इंजिन पहिल्यांदा तापून गार झालं की हेडचे बोल्ट पुन्हा आवळावे लागतात, कारण तांबं तेवढ्यात दबून बसलेलं असतं. गेल्या वर्षी ते आवळणं राहून गेलं. कुणीतरी गप्पा मारायला आलं, उस्तादांचं पहिल्या शर्यतीपासूनचं पुराण सुरू झालं, आणि राहिलंच. बोट तशीच पाण्यात गेली.

त्या बोटीत थोरलीचा धाकटा भाऊ होता. घरात त्याला भिंगरी म्हणायचे. लहानपणी तो एका जागी ठरायचा नाही म्हणून, आणि मोठेपणी तर त्यानं पोटापाण्यासाठीही गरागरा फिरायचंच काम धरलं. भर वेगात सिलिंडरमध्ये पाणी शिरलं, इंजिन जागच्या जागी जाम झालं, बोटीचं नाक पाण्यात घुसलं आणि भिंगरी बाहेर फेकला गेला. मागून येणारी बोट त्याला घासून गेली. जिवावर बेतलं होतं ते खांद्यावर निभावलं. आजही त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, केस डाव्या हातानं विंचरतो. आणि एवढं होऊन तो उद्या पुन्हा शर्यतीत उतरणार होता, ह्याच ब्लॉकवर नव्यानं बांधलेल्या इंजिनावर. दुपारी ट्रेलर घेऊन इंजिन न्यायला येणार होता.

गेल्या वर्षी हॉस्पिटलातून परतल्या परतल्या थोरलीनं बापाला भर वर्कशॉपमध्ये सुनावलं होतं, “आजपासून हेडला तुम्ही हात लावायचा नाही. बोटींचे पंखे घासा, नाहीतर घरी बसा.” उस्तादांनी हातातला पाना बाकावर आपटला, आपलं बिऱ्हाड मागच्या शेडमध्ये हलवलं आणि त्या दिवसापासून बापलेकीचं बोलणं बंद झालं. पुढं थोरली, मागं उस्ताद, आणि मधल्या दाराशी आईचं शिवणयंत्र. आई तिथं बोटींवर घालायच्या ताडपत्रीच्या खोळी शिवायची. जे काही सांगायचं ते आईमार्फत.

“आई, त्यांना सांग, माझा छोटा पाना परत द्या म्हणावं.”

आई उठायची, मागं जायची, पाना घेऊन यायची, पुन्हा यंत्रावर बसायची.

“अगं, त्या फौजदाराला सांग, पाना माझ्या बापाचा आहे म्हणावं.”

आई पुन्हा उठायची. शिवणयंत्राच्या खडखडाटात आणि उस्तादांच्या ग्राइंडरच्या किंकाळ्यांत एकाचं दुसऱ्याला ऐकू जायची सोयच नव्हती, आणि दोघांना ते बरंच होतं. वर्षभर हा निरोपांचा उद्योग चालू होता आणि त्यात काही वावगं आहे असं त्या दोन शहाण्यांना कधी वाटलं नाही. आईच्या गुडघ्यांना काय वाटलं, ते कुणी विचारलं नाही.

तर थोरलीनं तो लेप बोटावर घेतला आणि तरातरा मधल्या दाराशी गेली. राग बापाचा होता, पण सवयीनं ती जाऊन उभी राहिली आईसमोरच.

“विचार त्यांना, हे काय आहे?” तिनं बोट आईच्या नाकासमोर धरलं.

आईनं बोटाकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घालून यंत्र जोरात चालवायला लागली.

“विचार म्हणते ना! विचार, कुणाला विचारून माझ्या गास्केटला हात लावला? पोराचा एक खांदा मोडला तेवढ्यानं भागलं नाही का? आता दुसरा मोडायचाय?”

मागून कानशीचा आवाज थांबला. उस्ताद दारात आले. एका हातात पितळी पंखा, चष्मा कपाळावर, आणि चेहरा असा की समोरच्यानं दोन पावलं मागं व्हावं. थोरली जागची हलली नाही, तीही त्यांचीच मुलगी होती.

“तिला सांग,” उस्ताद बायकोला म्हणाले, “मीच लावला. आणि लावला नसता तर...”

“मला आईमार्फत काय सांगता? समोर उभी आहे मी!”

“मग तूही समोर बोल की! त्या माउलीच्या डोक्यावर कशाला ओरडतेस?”

झालं. वर्षभराचं मौन तिथं संपलं आणि वर्षभराचं सगळं साठलेलं एकदम बाहेर पडलं. थोरलीनं गप्पांच्या नादात राहून गेलेले बोल्ट काढले. उस्तादांनी ती लहान असताना तिनं कार्बोरेटर उघडून हरवलेली स्प्रिंग काढली. तिनं त्यांच्या हाताचा कंप काढला, त्यांनी तिच्या जिभेची धार काढली. ती म्हणाली तुमचं तांबं भंगारात घाला, ते म्हणाले तुझं पोलाद नखऱ्याचं आहे, आरशासारखा गुळगुळीत पृष्ठभाग मिळाला तरच नांदणार, नाहीतर माहेरी निघून जाणार. आई मान वर न करता शिवत होती. खोळीची शिवण केव्हाच संपली होती आणि ती त्याच टाक्यांवरून पुन्हा टाके घालत होती.

“लेप लावून मुद्दाम बिघडवलंत माझं काम!” थोरली ओरडली. “मी करून दाखवीन हे तुम्हाला बघवत नाही!”

“बिघडवलं? अगं, खड्डा होता तिथं! खड्डा होता म्हणून लावला!”

“कसला खड्डा?”

“दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधला! खाऱ्या पाण्यानं खाल्लेला! काल दुपारी सांगितला होता ना? सांगून सवरून तू त्यावर तसंच पोलाद ठेवलंस. मग मी काय करायचं? बघत बसायचं? तू हेड धुवायला गेलीस तेव्हा गास्केट उचललं, खड्ड्यात लेप भरला, पाण्याच्या भोकांभोवतीही फिरवला आणि ठेवलं जागेवर.”

“मला कुणी सांगितलं? कधी?”

“मी! हिच्याजवळ! त्या दीडशहाणीला सांग म्हटलं, मधल्या भिंतीला खड्डा आहे, नखाला लागतो. तिचं पोलाद तिथं धरणार नाही. आत्ताच्या आत्ता ब्लॉक पुन्हा कापून सपाट करायला, फेसिंगला पाठव म्हणावं, नाहीतर भावाला पुन्हा हॉस्पिटलात पोचवशील. शब्द न् शब्द असाच बोललो मी.”

थोरलीनं लेपाचं बोट खाली घेतलं. मग हळू म्हणाली, “आई मला म्हणाली, बाबा म्हणतायत काम छान झालंय, फक्त एकदा नीट पुसून घे.”

शिवणयंत्र थांबलं होतं.

बाप आणि लेक दोघंही एकदम आईकडे वळले. आईनं सुई वर केली, दोरा दातानं तोडला, खोळ घडी करून मांडीवर ठेवली. एवढं सगळं तिनं शांतपणे केलं आणि मग म्हणाली, “हो. असंच सांगितलं मी.”

“का?” हे दोघांनी एका वेळी विचारलं. वर्षभरात पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं ते असं.

“दीडशहाणी म्हणाले ते. ते काढलं. हॉस्पिटलचं म्हणाले, ते काढलं. उरलं काय, तर पुसून घे.” आई म्हणाली. “मला वाटलं खड्डा म्हणजे पुसून जाण्यासारखं काहीतरी असेल. तुम्ही दोघं रोज एकमेकांच्या कामाला इतकं वाईट बोलता की खरं वाईट कुठलं आणि रागाचं कुठलं, हे मला कसं कळायचं?”

थोरलीच्या डोक्यात आता दुसरीच शंका वळवळायला लागली. “अजून काय काय काढलंस?”

“पुष्कळ.”

“थंडीच्या दिवसांत मी सांगितलं होतं, त्यांचे हात कापतात, त्यांना म्हणावं आता घरी बसा. ते?”

आईच्या आधी उस्तादच बोलले, “ती मला म्हणाली, लेक म्हणतेय गारठा आहे, आत हीटरजवळ बसून काम करा.” त्यांचा आवाज एकदम खाली आला. “मी बसलो की. रोज बसलो.”

आता ते हसण्यासारखं होतं, पण हसलं कुणी नाही. पुढचा प्रश्न कुठला हे थोरलीला कळत होतं आणि तो विचारू नये असं वाटत असतानाच तिनं विचारला.

“आणि भिंगरीचं? पावसाळ्यात तू मला सांगितलंस, बाबांना रात्र रात्र झोप लागत नाही, म्हणतात माझी चूक झाली, पोरीला सांग मला फार वाईट वाटतं. ते म्हणाले होते ना?”

आई मांडीवरची खोळ सारखी करत राहिली.

“आई, म्हणाले होते का?”

“नाही.”

“आणि मला?” उस्ताद म्हणाले. “मला तू सांगितलंस, लेक म्हणते, होतं एखाद्या वेळी, चुकतो माणूस. ते तिनं...”

“नाही,” आई पुन्हा म्हणाली.

उस्तादांनी पंखा बाकावर ठेवला. आपटला नाही, ठेवला. “म्हणजे तू मला माफ केलंच नव्हतंस,” ते लेकीला म्हणाले.

“तुम्ही मागितलीच नव्हतीत माफी!”

“मी मागितली नाही म्हणून तू केली नाहीस, आणि तू केलीस असं समजून मी मागितली नाही! वा! ह्या बाईनं वर्षभर नुसत्या थापांवर घर चालवलं!”

आता दोघांचा मोर्चा आईकडे वळला. थोरली म्हणाली, माझ्या तोंडचे शब्द बदलायचा तुला काय हक्क? उस्ताद म्हणाले, आम्हाला मूर्ख बनवलंस. थोरली म्हणाली, हे इंजिन आहे आई, इथं गोडगोड बोलून भागत नाही, एक शब्द इकडचा तिकडं झाला तर माणूस मरतो. उस्तादांनी मान डोलावली. वर्षभर एकमेकांचं तोंड न पाहणारी ती दोघं आता खांद्याला खांदा लावून एका म्हाताऱ्या बाईवर तुटून पडली होती, आणि त्यातली लाज त्या वेळी त्यांच्यापैकी कुणालाही वाटली नाही.

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग उठली, गुडघ्यावर हात ठेवून सरळ झाली आणि म्हणाली, “आधी ते उघडा. पोरगा दुपारी येतोय.”

दोघांनी ते उघडलं. रागात माणूस घाईघाईनं काम करतो, पण हेड उघडताना तसं करून चालत नाही. बोल्ट आवळायला मधून सुरुवात करतात, सोडायला कडेनं, आणि एकेक थोडा थोडा, नाहीतर हेड वाकतं. थोरली पाना चालवत होती, उस्ताद न सांगता पुढचा बोल्ट बोटानं दाखवत होते आणि ती न बोलता तोच सोडत होती. त्या दोघांना एकमेकांचं काम किती तोंडपाठ आहे, हे बघून तिला आणखीच चीड आली. इतकं सगळं ठाऊक असून ही वेळ यावी?

हेड उचललं. गास्केट लेपानं चिकटलं होतं, ते पातळ पात्यानं सोडवलं. उस्तादांनी दिवा खाली धरला. थोरलीनं चिंधी घेऊन लेप पुसला आणि दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरच्या मधल्या अरुंद पट्टीवरून नख फिरवलं.

नख अडकलं.

मसुरीच्या दाण्याएवढा खड्डा होता. तिनं आखणीची अणकुचीदार सळई त्यात घातली, तर तळाशी पांढरी भुकटी निघाली. मीठ. वर्षभर ब्लॉक कोपऱ्यात पडून होता, तेव्हा मीठ आत बसलं, घट्ट झालं, आणि फेसिंगच्या वेळी पृष्ठभागाबरोबर तेही सपाट कापलं गेलं. तिनं सरळ पट्टी ठेवून तपासलं होतं, पट्टीखाली पातळात पातळ पातं घालून बघितलं होतं, कुठंही उजेड दिसला नव्हता. दिसणार कसा? तेव्हा खड्डा मिठानं काठोकाठ भरलेला होता; वरचं मीठ नंतर ब्लॉक धुताना विरघळलं. तिनं भुकटी कोरत नेली तशी सळई आत आत जात राहिली, आणि शेवटी बाजूच्या पाण्याच्या वाटेत निघाली.

“आरपार आहे,” ती म्हणाली.

“आरपार?” उस्तादांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला. वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. “मला वाटलं वरवरचा आहे.”

“आणि त्यात तुम्ही लेप भरलात. दात आहे का हा, भरून ठेवायला?”

“आणि तू त्यावर पोलाद ठेवलंस.”

“मला सांगितलं असतंत तर ठेवलं असतं का?”

“सांगितलं होतं!”

“मला नाही, आईला सांगितलंत! माझ्यासमोर येऊन सांगायला काय धाड भरली होती? खड्डा दिसला तेव्हा मी इथंच होते ना, ह्याच छपराखाली? पंखा हातातून ठेवून चार पावलं चालून आला असतात तर? पोटच्या पोराचा जीव होता तिथं, आणि तुम्हाला अबोला महत्त्वाचा!”

उस्तादांनी हातातला दिवा बाकावर ठेवला. थोरलीला बोलून झाल्यावर उलट वाईट वाटलं, कारण तोच सवाल उलटा करून तिलाच विचारता आला असता. पुसून घे म्हणजे काय पुसून घे, असं तिनं तरी कुठं जाऊन विचारलं होतं? छान झालंय म्हणाले, एवढं ऐकून ती मनातल्या मनात फुशारली होती आणि चिंधी मारून मोकळी झाली होती. बापानं शाबासकी दिली या आनंदात तिनं नख फिरवायचं सोडलं होतं. तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि तो रागही मग तिनं चिंधीवर काढला, चिंधी पार कोपऱ्यात भिरकावली.

उस्ताद मागं गेले आणि कपाटातून एक तांब्याचं गास्केट घेऊन आले. कागदात गुंडाळून जपून ठेवलेलं, ह्याच इंजिनाच्या मापाचं. त्यांनी ते ब्लॉकवर ठेवलं, जरा इकडं सरकवलं, जरा तिकडं. ते बोटानं चाचपत राहिले. तांब्याच्या गास्केटला सिलिंडरभोवती तारेचं कडं बसतं, तेच आगीला अडवतं. ते कडं नेमकं खड्ड्याच्या तोंडावरून जात होतं.

“नाही,” उस्ताद म्हणाले. त्यांनी गास्केट उचललं आणि परत कागदात गुंडाळलं. “तांबंही नाही धरणार. काहीच नाही धरणार इथं.”

तांबं धरणार नाही, हे वाक्य त्यांच्या तोंडून तिनं जन्मात ऐकलं नव्हतं.

करायचं काय, ते दोघांनाही ठाऊक होतं. खड्डा भरून आणायचा, ब्लॉक पुन्हा फेसिंगला द्यायचा, मग पुन्हा सगळं पहिल्यापासून. काल दुपारी ब्लॉक दिला असता तर फेसिंगवाल्यानं जागून हातावर ठेवला असता, तो घरचाच होता. आज त्याच्या दाराला कुलूप होतं; शर्यतीच्या तयारीला सगळा धक्का पलीकडच्या किनाऱ्यावर गेला होता. म्हणजे भिंगरी उद्या उतरणार नव्हता. वर्षभर तो ह्या एका दिवसासाठी तो मोडका खांदा दोरीनं ताणत बसला होता, दात आवळून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आणि हे त्याला कुणीतरी सांगायचं होतं.

फोन वाजला.

फोन आईच्या यंत्राजवळच्या खांबावर होता आणि तो नेहमी आईच उचलायची. भिंगरीचा आवाज एवढा मोठा की फोन कानाला लावायची गरजच नसे.

“आई, निघालो मी! ट्रेलर जोडलाय. इंजिन तयार आहे ना? ताई काय म्हणते? बाबा काय म्हणतात?”

उस्ताद घाईनं दोन्ही हात हलवत पुढं आले. “सांग, थोडं काम राहिलंय म्हणावं,” ते कुजबुजले. “या खेपेला जरा कठीण दिसतंय म्हण. लेपाचं बोलू नको. मी नंतर त्याला समजावून सांगतो सगळं.”

“गास्केट चुकीचं आलं म्हणून सांग,” थोरली दुसऱ्या बाजूनं म्हणाली. “दुकानदारानं भलतंच पाठवलं. खड्ड्याचं काढू नको आई, तो खचेल. जरा गोड बोलून सांग.”

आई फोन हातात धरून एकदा नवऱ्याकडे आणि एकदा लेकीकडे बघत राहिली. थोड्याच वेळापूर्वी ह्याच दोघांनी तिला थापाडी म्हटलं होतं, शब्द बदलायचा काय हक्क म्हणून जाब विचारला होता. आता दोघंही तिच्याकडे आशेनं पाहत होते, एकाचा हात अजून हवेतच होता. थोरलीनं आईचे ओठ पांढरे पडलेले पाहिले. लहानपणापासून तिनं आईला कितीदा तरी थकलेलं पाहिलं होतं. हे तसं नव्हतं.

“ऐक रे बाळा,” आई फोनमध्ये म्हणाली. “जसंच्या तसं सांगते. ताईनं ब्लॉक तपासला, पण त्यातला खड्डा तिला दिसला नाही. बाबांना दिसला, पण त्यांनी तिच्यासमोर जाऊन सांगितलं नाही, गुपचूप त्यात लेप भरून ठेवला. निरोप माझ्याजवळ दिला होता, तो मी बदलला. तो मी नीट दिला असता तर काम कालच झालं असतं आणि तू उद्या उतरला असतास. आता हे इंजिन घेऊन गेलास तर गेल्या वर्षीसारखंच पाण्यात बसेल, आणि या खेपेला तू खांद्यावर सुटणार नाहीस. ट्रेलर परत फिरव.”

उस्ताद बाकावर बसले. थोरलीनं फोन घ्यायला हात पुढं केला होता, तो तिनं मागं घेतला. पलीकडून गाडी कडेला घेऊन थांबवल्याचा आवाज आला. दोघांना वाटलं आता तो ओरडेल. ओरडला असता तर दोघांना सोपं गेलं असतं.

“आई,” भिंगरी सावकाश म्हणाला, “तू चिडलीयेस का?”

“हो,” आई म्हणाली. “कधीची.”